नावावरची गाडी

पत्र आलं त्या दिवशी उमरावच्या खालच्या बांधीत धानाची रोवणी चालू होती. दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या, आणि उमराव धुऱ्याच्या बांधावर उभा राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या त्यांच्यापुढं फेकत होता. जुडी कुठं पडते याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. एक जुडी सुशीलाबाईच्या पाठीवर बसली, चिखलाचं पाणी तिच्या मानेवरून आत गेलं, तरी ती काही बोलली नाही. एरवी तिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. पण तीन वर्षांपासून उमरावला कुणी वाकडं बोलत नव्हतं. माणूस उठतो, जेवतो, बांधीत उतरतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो, तेवढ्यावर गावानं त्याला सोडून दिलं होतं.

दुपार व्हायला आली तशी त्याची बायको पुष्पाबाई डोक्यावर शिदोरीचं टोपलं घेऊन धुऱ्यानं आली. टोपलं उतरवलं आणि भाकरीच्या फडक्याखालून तिनं एक लांबट लिफाफा काढला.

"अजी, पोस्टवाला आलता. माही सही घेतली."

उमरावनं हात पुढं केला, कोपरापर्यंतचा चिखल पाहिला आणि मागं घेतला. "भोजराजले दे," तो म्हणाला.

भोजराज म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचा पोरगा. शेजारच्या बांधीत ट्रॅक्टरनं चिखल करत होता. बारावीपर्यंत शिकलेला, आणि गावातल्या अर्ध्या घरांचे कागद वाचून देणारा. त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतं ते सगळं त्याला ठाऊक. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, पँटीला हात पुसले, लिफाफा फाडला आणि शाळेत धडा वाचावा तसा खड्या आवाजात वाचू लागला.

"'श्री. उमराव डोमाजी कापगते यांस. आपल्या नावे नोंद असलेले दुचाकी वाहन वैध विम्याशिवाय रस्त्यावर चालविले जात असल्याचे आढळून आले आहे...'"

"कोनाचं वाहन?"

"तुमचं, मोठेबाबा."

"माह्याकडं तं सायकल हाय."

बायांमध्ये खसखस पिकली. "आता सायकलीचाबी विमा काढा म्हनते सरकार," सुशीलाबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली. "मंग माह्या शेळीनं कायले मागं राहाव? तिचाबी काढून टाका." सगळ्या हसल्या. पुष्पाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मग भोजराज गाडीचा नंबर वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला.

नंबर कुणाला पाठ असण्याचं कारण नव्हतं. पण उमरावच्या नावावर जन्मात एकच गाडी झाली होती, आणि ती त्यानं लेकीच्या लग्नात आंदण दिली होती, हे बांधीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. बाया पुन्हा रोपं खोचू लागल्या. पाण्यात हात बुडण्याचा डुबुक डुबुक आवाज तेवढा उरला.

पुढचं भोजराजनं हळू वाचलं. मोबाईलवर संदेश पाठवूनही उत्तर आलं नाही, म्हणून पत्र पाठवत आहोत. पंधरा दिवसांत विमा काढून कागद दाखवावेत. गाडी दुसऱ्याला दिली असेल तर तिची नोंद त्याच्या नावे करून घ्यावी. यातलं काहीच करायचं नसेल तर गाडी रस्त्यावर आणू नये. उद्या काही अपघात झाला तर जबाबदारी ज्याच्या नावावर गाडी त्याची.

"आनि खाली फोटू हाय," भोजराज म्हणाला. "गोंदियाच्या चौकातल्या कॅमेऱ्यानं काढलेला."

फोटो काडेपेटीएवढा होता, काळापांढरा. पुष्पाबाईनं कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि डोळ्यांशी नेला. तिला अक्षर येत नव्हतं, पण फोटोला अक्षर कशाला लागतं? गाडीवर जावई चंद्रकुमार होता. मागं डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. पुष्पाबाईच्या तोंडून लेकीचं नाव, "पुष्पां..." एवढंच बाहेर पडलं आणि ती थांबली.

"नवी बाई असन ते, मोठीमाय," भोजराज म्हणाला.

"मंधात कोन हाय?"

भोजराजनं वाकून पाहिलं. दोघांच्या मध्ये एक पोरगी बसली होती, आणि मागच्या बाईचा हात तिच्या पोटाभोवती घट्ट होता.

"खुशबू व्हय," नातीला ओळखून पुष्पाबाई म्हणाली. "केवडी झाली वो."

उमरावनं लांबूनच पाहिलं. आत काही हललं नाही. त्यानं वाकून दुसरी जुडी उचलली आणि फेकली.

सहा वर्षांपूर्वी वैशाखात पुष्पांजलीचं लग्न झालं. पोरगी गोंदियाजवळच्या नागऱ्याला दिली. जावई राइस मिलमध्ये कामाला, घरची थोडी धानाची शेती, माणूस मुका म्हणावा इतका शांत. उमरावनं हौसेनं नवी कोरी मोटारसायकल घेतली. शोरूममध्ये मालकाचं नाव काय लिहायचं विचारलं, तेव्हा चंद्रकुमारचं लिहायचं ठरलेलं असूनही उमराव म्हणाला, सध्या माझंच लिहा. फॉर्म पुष्पांजलीनंच भरला. बापाला मोबाईल नव्हता म्हणून नंबरही तिनं स्वतःचा टाकला. गाडी स्वतःच्या नावावर ठेवण्यात उमरावचं कपट नव्हतं बरं. गावातल्या चार शहाण्यांनी त्याच्या कानात भरवलं होतं, गाडी बापाच्या नावावर राहिली की जावई जरा धाकात राहतो. वर्षभरानं करून देऊ नाव. पाच वर्षांचा विमा शोरूमवाल्यानंच काढून दिला होता, त्यामुळं त्या कागदाकडं पुन्हा पाहायची वेळच आली नाही. गाडीचं कार्ड उमरावच्या पेटीत पडलं ते पडलंच.

आणि नावावर असलेल्या गोष्टीची माणसाला एक खाज असते. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की उमराव निरोप धाडायचा: गाडी पाठवा, पाहुणे आणायला-न्यायला लागते. भोजराज बसनं जायचा आणि गाडी घेऊन यायचा. दोन दिवस ती अंगणात कडुनिंबाखाली उभी राहायची. पाहुण्यांनी विचारलं की उमराव म्हणायचा, जवायाले दिली, पन नावावर माह्याच हाय. हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

तीन वर्षांपूर्वीच्या मंडईलाही त्यानं अशीच गाडी मागवली. पुष्पांजली म्हणाली होती, धान कापायचं राहिलं आहे, मी उद्या येते. त्या दुपारी तिच्या हाताला बांधीत साप चावला. चंद्रकुमारनं तिला खांद्यावर टाकलं आणि रस्त्यापर्यंत पळत आणलं. मंडईचा दिवस, रस्त्यावर एक ऑटो नव्हता. कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळेपर्यंत तास गेला. गोंदियाला पोचली तेव्हा डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं. त्या वेळी उमराव मांडवात दंडारीचा खेळ पाहत बसला होता, आणि गाडी त्याच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती.

तेरवीला चंद्रकुमार एकच वाक्य बोलला, तेही खाली पाहून. "गाडी तुमच्या अंगनात होती, मामाजी." ओरडला असता तर उमरावनंही ओरडून घेतलं असतं, दोघं भांडले असते आणि कदाचित मोकळे झाले असते. उमराव उठला, बसनं घरी आला आणि दुसऱ्या दिवशी भोजराजच्या हाती गाडी परत धाडली. त्यानंतर तो नागऱ्याला गेला नाही. पहिल्या वर्षी चंद्रकुमारची आई खुशबूला एकदा घेऊन आली होती. मग ती म्हातारीही गेली, चंद्रकुमारनं दुसरं लग्न केलं, आणि पोरीचं येणं थांबलं. भांडण कुणी केलं नव्हतं. कुणी तोंडच उघडलं नाही, एवढंच.

संध्याकाळी भोजराज घरापुढच्या सपरीत येऊन बसला. पुष्पाबाई उमरावच्या पायांना कोमट तेल लावत होती. चिखलात महिना काढल्यानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडं पांढरं पडून सुटलं होतं.

"मोठेबाबा, सरळ गोठ हाय," भोजराज म्हणाला. "गाडी आपल्या नावाची हाय ना? मंग आनून घेऊ. मी जातो. नाही म्हनला तं पोलिसात कागद दाखवतो. आपली पोरगीच नाही राहिली तं त्याच्या नव्या बाईनं काऊन मिरवाव आपल्या गाडीवर?"

उमराव पायाकडं पाहत राहिला.

"उद्या कोनाले उडवलं तं कोर्टात तुमी जाल. वावर जाईन तुमचं. आयकून राहिले का?"

"आयकून राहिलो."

"मंग?"

"रोवना होऊ दे."

भोजराज चिडून उठून गेला. त्याचंही चुकत नव्हतं. दगडाशी बोलून माणूस किती वेळ बोलणार?

रोवणा चालू राहिला. खालची बांधी झाली, वरची झाली, तळ्याच्या पाटाजवळची झाली. पत्र पुष्पाबाईनं हळदीच्या डब्यामागं ठेवलं होतं. उमरावनं दोनदा पाहिलं, ती चुलीपाशी बसून कागद उघडायची, अंगठ्यानं फोटो पुसायची आणि पुन्हा घडी घालायची. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "का पाहते?"

"केसं वाढले तिचे. वेनी घातली हाय."

तो कांदा फोडून जेवत राहिला. भाकरी वाढता वाढता पुष्पाबाई म्हणाली, "अजी, गाडी तुमच्या नावावरून काढली तं मंग असा फोटू नाही ना येनार?"

"नाही येनार."

"मंग राहू द्या ना तशीच. दरसाली एक पत्र आलं तरी..." आपण काय बोलून बसलो हे तिचं तिलाच कळलं असावं. विमा नसलेल्या गाडीवर आपली नात बसते आहे, आणि ती तशीच बसत राहावी म्हणजे फोटो येईल, असं म्हणून बसली होती ती.

उमरावच्या हातातला घास हातातच राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी भीती वाटली. त्या बाईचा हात पोरीच्या पोटाभोवती होता, तेवढाच काय तो विमा.

"उद्या गोंदियाले जातो," तो म्हणाला.

पेटीतून गाडीचं कार्ड काढलं, आधार कार्ड काढलं, पत्र घेतलं. पुष्पाबाई दारापर्यंत आली. "पत्र थो ठेवून घेईन का सायब?"

"परत आनतो."

तालुक्याच्या गोरेगावहून बस मिळाली. चपलेत चिखल्यांचे पाय कोंबून बसल्यामुळं गोंदिया येईपर्यंत कातडं आणखी सोललं, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. आरटीओ कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबलं टाकून एजंट बसलेले असतात, त्यातल्या पहिल्याच टेबलाशी तो जाऊन उभा राहिला. मुन्नालाल नावाचा जाडजूड माणूस होता. त्यानं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"घबराते काहे को, काका? सबको आता है ये. गाडी किसके पास है?"

"जवायाकडं."

"बेटी को दी थी?"

"आंदन दिली होती."

"तो बेटी को फोन लगाओ ना. बोलो जमाई को लेके आ जाए, दोनों का दस्तखत लगता है."

उमराव झाडाच्या बुंध्याकडं पाहत राहिला. "ते येत नाही," तो म्हणाला.

"झगडा चालू है क्या?"

"नाही."

मुन्नालालनं खांदे उडवले. पहिल्यांदा विमा, तो म्हणाला. विम्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर गाडी चढत नाही. त्यानं मोबाईलवर खटाखट बोटं चालवली आणि मग थांबला. "ओटीपी गया. बोलो कितना है?"

"कुठं गेला?"

"गाडी के साथ जो नंबर दिया था उसपे. आखिर में सैंतालीस." सैंतालीस म्हणजे किती, हे उमरावला दोनदा विचारावं लागलं. मग त्याला शोरूममधली पुष्पांजली आठवली, हातात पेन घेऊन वाकलेली.

"पोरीचा नंबर व्हय," तो म्हणाला.

मुन्नालालनं तो नंबर लावून पाहिला, कानाशी धरला. "ये तो बंद हो गया, काका."

"हो."

"कब से बंद है?"

"तीन साल."

मुन्नालालनं त्याच्याकडं नीट पाहिलं. माणूस धंद्यातला होता, पण अगदीच दगड नव्हता. फोन खाली ठेवला, मागच्या टपरीवाल्याला हात करून चहा सांगितला आणि नंतर एक शब्द वावगा बोलला नाही. उमरावच्या साध्या मोबाईलचा नंबर टाकून त्यानं विमा काढला, छापून दिला. मग नाव बदलायचे दोन फॉर्म पुढं केले. जिथं फुली केली होती तिथं उमरावनं सही केली. सहीखाली छापलं होतं, 'विक्रेता'. ते तेवढं त्याला वाचता आलं.

"म्या इकली नाही," तो म्हणाला. "देली होती."

"फॉर्म में ऐसाच लिखा रहता है. अब जमाई का दस्तखत लेके आओ. और ये चिठ्ठी इधर जमा करना पडेगी."

"झेरॉक्स चालन का?"

"चल जाएगी."

झेरॉक्समध्ये फोटोचा नुसता काळा डाग आला. उमरावनं डाग मुन्नालालला दिला आणि मूळ पत्र घडी करून खिशात ठेवलं.

नागऱ्याला ऑटोनं उतरला तेव्हा तीन वाजले होते. महादेवाच्या देवळावरून पुढं जायचं, बोअरवेलपाशी वळायचं. पाय वाटेनं आपोआप चालत होते. अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. फोटोतली बाई. फोटोत दिसली त्याहून लहान होती, तिशीही नसावी.

"चंद्रकुमार हाय का?"

"मिलमंधून सुटले असतीन. पोरीले शाळेतून घेऊन येते. का काम हाय?"

"गाडीच्या कागदाचं काम हाय."

"आमी गाडी इकत नाही हो," ती लगेच म्हणाली.

"इकायची नाही. विम्याचं हाय."

त्याला एजंट समजून तिनं खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं. घरातल्या भिंतीवर पुष्पांजलीचा फोटो होता, तो दारातून दिसत होता. लग्नातला. त्यावर जास्वंदीचं एक फूल अडकवलेलं, आजचंच. उमराव पाहत राहिला तसं त्या बाईनंही तिकडं पाहिलं.

"ते याइची पहिली बायको व्हय," ती सूप हलवत म्हणाली. "साप चावला. त्या दिवशी घरी गाडी नवती ना. तिच्या बापानं मंडईले नेली होती म्हनते."

उमरावच्या हातात तांब्या होता. त्यानं तो मांडीवर टेकवला.

"लोकं तं म्हनते बापानंच मारलं पोरीले," ती म्हणाली. "आपल्या लोकाइच्या तोंडाले का हाय? पन हे आयकून घेत नाही. हे म्हनते, बापाले का माहीत होतं? मी तेरवीले बोलून गेलो ना, म्हनते, तवापासून तो मानूस येत नाही. जाऊन माफी मांगाव वाटते, पन पाय उठत नाही म्हनते."

पाखडलेला कोंडा वाऱ्यावर उडत होता, त्याच्या धोतरावर येऊन बसत होता. उमरावनं तो झटकला नाही. त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं, डोळ्यांतून नंतर आलं. बाईनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग तिचा हात पदराकडं गेला, तिनं तो डोक्यावर ओढून घेतला आणि उठून उभी राहिली.

तेवढ्यात गाडी अंगणात आली. पुढं टाकीवर खुशबू बसलेली, दप्तर पोटाशी धरून. चंद्रकुमारनं गाडी बंद केली, पण बराच वेळ हँडल सोडलं नाही.

"मामाजी," तो म्हणाला.

"बस," उमराव म्हणाला, जसं काही अंगण त्याचंच होतं. मग त्याला ते जाणवलं. "बसा, जवाईबापू. कागद आनले हाय."

त्यानं खाटेवर एकेक कागद मांडला. विमा. गाडीचं कार्ड. दोन फॉर्म. चंद्रकुमार उकिडवा बसला आणि वाचायला लागला. फॉर्म वाचून त्यानं मान हलवली.

"विम्याचं बरं झालं. ध्यानातच नाही राहिलं. पन नाव राहू द्या तुमचंच. मले का फरक पडते?"

"मले पडते." उमराव घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माह्या नावावर होती, म्हनून मागाव वाटली. तुया नावावर असती तं मी कायले मागतो? दुसऱ्याची गाडी कोन मागते दोन दोन दिवस? गाडी इथं असती. पोरगी घरी असती."

"असं नाही, मामाजी."

"असंच हाय. तू म्हनला होता ते खरं होतं. म्याच तोंड घेऊन आलो नाही."

चंद्रकुमारनं पेन घेतला. सही करताना कागद खाटेच्या दोऱ्यांवर नीट टेकेना, मग बायकोनं, रचना तिचं नाव, घरातून पाट आणून कागदाखाली ठेवला. दोन सह्या झाल्या, आणि उद्याच एजंटाकडं नेऊन देतो म्हणून चंद्रकुमारनं फॉर्म ठेवून घेतले. खुशबू खाटेच्या खुराला धरून हे सगळं पाहत होती. रचना तिच्याजवळ वाकली. "आजा व्हय तुहा. पाया पड."

पोरगी पाया पडायला वाकली आणि चिखल्यांचे सोललेले पाय पाहून तशीच थांबली. "दुखते का?"

"नाही दुखत," उमराव म्हणाला. आणि खरंच त्याला आतापर्यंत दुखलं नव्हतं. आता मात्र एकदम ठणकायला लागलं. पोरगी हसली तेव्हा समोरचा एक दात नव्हता.

चहा झाला. शेवटची बस चुकेल म्हणून उमराव उठला, तसा चंद्रकुमारनं गाडीला चावी लावली. "चला, स्टँडवर सोडतो."

"नको."

"दोन मिनिटाचं काम हाय. पाय पाहा तुमचे."

"गाडी घरीच राहू दे," उमराव म्हणाला. "घरी बाई हाय."

चंद्रकुमारचा हात चावीवरच राहिला. रचना दारात उभी होती, ती आत गेली. मग चंद्रकुमारनं चावी काढली, खिशात न घालता दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, जिथून ती कुणालाही घेता यावी. आणि तिघं पायी निघाले, उमराव, जावई आणि मधोमध खुशबू. देवळापाशी पोरगी उमरावचं बोट धरून चालत होती. तिनं ते कधी धरलं ते त्याला कळलं नाही.

"पोरीले मंडईले धाडाल का?" ऑटोत बसता बसता उमरावनं विचारलं.

"आनून सोडतो ना, मामाजी."

"तुमी नका येऊ. मीच येतो न्यायले. एस्टीनं."

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुष्पाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि आधी हात पुढं केला. त्यानं खिशातलं पत्र तिला दिलं. तिनं दिव्याजवळ नेऊन फोटो आहे ना ते पाहिलं.

"आता दुसरा नाही येनार," उमराव म्हणाला. "नाव निघालं माहं."

"बरं झालं." ती कागद घडी करायला लागली. मग थांबली. "पोरगी दिसली का?"

"समोरचा दात पडला हाय."

पुष्पाबाईनं पुन्हा कागद उघडला, अंगठ्यानं पुसला, दिव्याला अगदी चिकटवून पाहिला.

"याच्यात तं तोंड मिटलं हाय तिनं," ती म्हणाली. "दिसत नाही."

"मंडईले येनार हाय. तवा पाहजो."

"कशानं येईन?"

"एस्टीनं," उमराव म्हणाला, आणि पायावर पाणी ओतून घेतलं. पाणी चिखल्यांना झोंबलं तसा तो जोरात कण्हला. तीन वर्षांत त्या घरात त्याचा एवढा मोठा आवाज निघाला नव्हता. पुष्पाबाईनं दिवा खाली ठेवला आणि ती तेल आणायला आत गेली.